घड्याळ फ्रेममध्येच राहू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही वर्षं हौसेने फोटो काढतोय, आता पहिल्यांदाच दूरच्या, अगदी वेगळ्या संस्कृतीच्या लोकांमध्ये जायचा योग आलाय. कोणती लेन्स न्यावी? परवानगी कशी मागावी? फोटोचे पैसे मागितले तर द्यावेत का? आणि आपले फोटो टूर कंपनीच्या माहितीपत्रकासारखे दिसू नयेत म्हणून काय करावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात. फोटो माहितीपत्रकासारखे होतात त्यात लेन्सचा दोष नसतो. आपण निघतो तेव्हाच डोक्यात एक चित्र असतं. पिसांचा मुकुट, सुरकुतलेला चेहरा, धुराने भरलेली झोपडी. मग तिथे पोचल्यावर त्या चित्रात न बसणाऱ्या गोष्टी आपण एकेक करून फ्रेमबाहेर ढकलतो: पाण्याचा पिवळा प्लास्टिक कॅन, सोलर पॅनल, फुटबॉल क्लबचा टी-शर्ट, खिशातून डोकावणारा मोबाइल. सगळं ढकलून झालं की उरतं ते आपण आणलेलं चित्र, त्या माणसांचं जगणं नव्हे. म्हणून जी वस्तू बाहेर काढायचा मोह होतो, ती आत ठेवून फ्रेम जमवायला शिका. माझं मुख्य सांगणं एवढंच आहे, आणि त्याला जुना आधार आहे.

एडवर्ड कर्टिस या अमेरिकन छायाचित्रकाराने 1907 ते 1930 या काळात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरचा 20 खंडांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात 1910 च्या सुमाराचा एक फोटो आहे. पिगन जमातीचे दोन पुरुष आपल्या तंबूत बसलेत, भोवती त्यांच्या नेहमीच्या वस्तू आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये त्या दोघांच्या मधोमध एक घड्याळ दिसतं. ग्रंथात छापलेल्या फोटोत ते नाही, रिटच करून पुसून टाकलंय. घड्याळ राहिलं असतं तर बघणाऱ्याला कळलं असतं की ही माणसं आपल्याच काळात जगताहेत, वेळ बघताहेत, खरेदी करताहेत. पुसल्यामुळे ती ‘लोप पावणाऱ्या’ जमातीची माणसं झाली. कर्टिसचं काम टाकाऊ होतं असं मी मुळीच म्हणत नाही. त्याने त्या काळी आवाज मुद्रित करायला वापरत त्या मेणाच्या सिलिंडरवर हजारो गाणी आणि बोली नोंदवून ठेवल्या, त्यांचं मोल मोठं आहे. पण त्या पुसलेल्या घड्याळाची सवय आपल्या व्यवसायाला पुढे शंभर वर्षं चिकटून राहिली. एप्रिल 2018 च्या अंकात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने एका इतिहासकाराकडून स्वतःचे जुने अंक तपासून घेतले आणि आपण दशकानुदशकं परक्या लोकांना एका साच्यात दाखवलं, हे संपादकांनी उघडपणे मान्य केलं. कर्टिसच्या जवळ निदान एक सबब होती, त्याला खरंच वाटत होतं की हे सगळं संपणार आहे. आपल्याकडे तीही नाही.

आता याच्या बरोबर उलट उदाहरण. मालीची राजधानी बामाको इथे सेदू केइता यांनी 1948 मध्ये स्टुडिओ थाटला. फोटो काढून घ्यायला येणारी माणसं पदरचे पैसे मोजून येत. केइतांनी स्टुडिओत रेडिओ, मनगटी घड्याळं, पेन, स्कूटर, चांगले कपडे अशा वस्तू ठेवल्या होत्या आणि कशासोबत फोटो हवा ते गिऱ्हाईक ठरवायचं. कुणी रेडिओवर हात ठेवून बसायचं, कुणी स्कूटरवर. फिल्म महाग, त्यामुळे बहुतेक वेळा एका माणसाचं एकच एक्सपोजर. ते फोटो आज बघा. कापडाच्या नक्षीची पार्श्वभूमी, त्यावर पुन्हा नक्षीचा पोशाख, आणि मधोमध आपण कसं दिसायचं हे स्वतः ठरवलेला माणूस. एका संस्कृतीचं इतकं जिवंत चित्रण दुर्मीळ आहे, आणि त्यात घड्याळ ठसठशीतपणे मनगटावर आहे.

परवानगीचा मुद्दा मला इथेच सापडतो. परवानगी म्हणजे कॅमेरा वर करून भुवया उंचावणं आणि समोरच्याने मान हलवणं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. त्या मान हलवण्यात किती संमती आणि किती संकोच, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. मी दुभाष्यामार्फत आधी वेगळाच प्रश्न विचारते: तुम्हाला तुमचा फोटो कसा हवाय? कुठे उभं राहायचं, कुणासोबत, काय हातात घेऊन? पहिला फोटो त्यांच्या मनासारखा काढायचा आणि तो त्यांना द्यायचाच. माणसं आत जाऊन कपडे बदलून येतात, मोटारसायकल पुसून आणतात, नातवाला हाक मारतात, भिंतीवरची शिक्षणाची सनद खाली उतरवतात. हे फोटो ताठ येतात, सगळे सरळ कॅमेऱ्याकडे बघत असतात, आणि नवे छायाचित्रकार ते नंतर उडवून टाकतात. उडवू नका. त्या माणसाला स्वतःविषयी काय सांगायचंय ते त्यात असतं. शिवाय हा फोटो झाल्यावर समोरचा सैलावतो, आपल्या कामाला लागतो, आणि तुमचा म्हणावा असा दुसरा फोटो तिथून पुढे सुरू होतो.

दुभाष्या निवडताना इंग्रजी किती फर्डं येतं यापेक्षा तो त्या गावाला किती ओळखीचा आहे, हे बघा. शक्य असेल तर बरोबर एक बाई असू द्या. पुष्कळ समाजांत परक्या पुरुषाला चुलीपर्यंत प्रवेश नसतो, आणि तसा तो नसेल तर निम्मं रोजचं जगणं तुमच्या फोटोत येतच नाही. नकार आला तर कारण विचारत बसू नका. कॅमेरा खाली करा आणि तरीही थोडा वेळ तिथेच बसा. लगेच उठून गेलात तर तुम्ही फक्त फोटोसाठी आला होतात हे सिद्ध होतं.

काही ठिकाणी विचारायचंसुद्धा नसतं. अंदमानात जारवांच्या राखीव क्षेत्रातून रस्ता जातो आणि तिथे त्यांचे फोटो काढणं कायद्याने गुन्हा आहे. मेक्सिकोत सान हुआन चामुला इथल्या चर्चमध्ये त्सोत्सील माया लोक पाइनच्या पानांवर मेणबत्त्या लावून प्रार्थना करतात, आत कॅमेऱ्याला सक्त मनाई. क्योतोच्या गिओन भागात वाटेने निघालेल्या गेइकोंचा (म्हणजे तिथल्या गेइशांचा) पाठलाग इतका वाढला, की 2019 मध्ये रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत फोटोबंदीचे फलक लावले आणि 10,000 येनचा दंड जाहीर केला. दूरच्या, दुर्गम म्हणाव्या अशा लोकांपुरतीच ही वागणूक राहत नाही, हे या उदाहरणावरून दिसतं. वेगळे कपडे दिसले की आपला संयम सुटतो.

रोजचं जगणं टिपायचं तर माणूस कसा दिसतो यावरून नजर काढून तो काय करतोय यावर लावायची. कामाला सुरुवात, मध्य, शेवट असतो. हात एका ठरावीक लयीत फिरत असतात. दोन-चार वेळा ती क्रिया नुसती बघितली की पुढचा क्षण कधी येणार ते आधीच कळतं आणि धडाधड क्लिक करावं लागत नाही. आणि कामात गुंतलेला माणूस तुमच्यासाठी चेहरा करत नाही.

मंगोलियातल्या पशुपालकांच्या गेरचं उदाहरण देते, कारण तिथे प्रकाश आणि जगणं एकमेकांत अगदी गुंतलेलं आहे. गेर म्हणजे नमद्याचं, लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचं, गोल घर. दार दक्षिणेला. मधोमध शेगडी, तिच्यावर छताला गोल झरोका, त्याला तोनो म्हणतात. दारातून आत शिरलं की डावी, म्हणजे पश्चिमेची बाजू पुरुषांची आणि पाहुण्यांची. उजवी, पूर्वेची बाजू बायकांची आणि स्वयंपाकाची. समोर उत्तरेला मानाची जागा. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही. आता प्रकाश बघा. तोनोतून येणारा उन्हाचा कवडसा सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडतो. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर असतो, दुपारी उत्तरेकडे सरकतो, आणि दिवस कलला की पूर्वेकडे, म्हणजे भांड्याकुंड्यांवर येतो. त्यामुळे पाहुण्यांच्या बाजूचे फोटो सकाळी, आणि दूध गाळणं, चहा उकळणं, पीठ मळणं हे दुपारनंतर.

कवडशात माणसाला बसवू नका. ते ऊन आतल्या अंधारापेक्षा कितीतरी पट तीव्र असतं, चेहरा अर्धा जळतो आणि अर्धा काळा पडतो. कवडसा जमिनीवर किंवा बिछान्यावर पडून जो उजेड परत उसळतो, तो खरा कामाचा. त्या उजेडात बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करायचं (म्हणजे फक्त तेवढ्याच भागाचा उजेड मोजायचा), अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/2 च्या आसपास, शटर 1/125 सेकंदापेक्षा मंद न्यायचा नाही, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 3200 किंवा 6400 गेला तर जाऊ द्यायचा. फोटोत थोडा नॉइज, म्हणजे रवाळपणा, चालतो. हललेला हात चालत नाही. फ्लॅश बॅगेतच राहू दे, त्याने गेरचं गेरपण जातं.

आणि त्या मुलीच्या मागे टीव्ही असेल, बाहेरच्या सोलर पॅनलवरून आलेल्या वायरीला फोन लावलेला असेल. तिथल्या सरकारने 2000 मध्ये सुरू केलेल्या योजनेचं नावच एक लाख सोलर गेर असं होतं आणि त्यातून हजारो पशुपालकांच्या घरी वीज आली. म्हणजे तिथे सोलर पॅनल हा नमद्याइतकाच खरा. एखादी मुलगी कवडशाच्या कडेला पोटावर पडून गृहपाठ करतेय, पलीकडे आईचा हात चहाच्या पातेल्यात पळी वर उचलून ओततोय, आणि दोघींच्या मधून चार्जरची वायर जातेय, अशी फ्रेम मिळाली तर वायर टाळायला कॅमेरा तिरका करू नका. ती वायर नजरेला एकीकडून दुसरीकडे नेते. कंपोझिशनच्या दृष्टीनेही ती कामाची आहे.

थंडीतून थेट शेगडीच्या उबेत शिरलात तर लेन्सवर बाष्प धरतं. शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिक पिशवीत घट्ट बंद करा आणि तो आतल्या तापमानाला आल्यावरच उघडा. बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा.

लेन्सचं उत्तर लहान आहे. 35 मिमी आणि 85 मिमी, दोन्ही प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या. 35 ने माणूस त्याच्या वस्तूंसकट येतो आणि तुम्हाला त्याच्यापासून दीड-दोन मीटरवर उभं राहावं लागतं, म्हणजे बोलावंच लागतं. 70-200 मिमीच्या लांब झूमने रस्त्यापलीकडून चोरून काढलेल्या पोर्ट्रेटला ‘कॅंडिड’ म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्या माणसाला ठाऊक नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होतो. प्राणी, डोंगर, शर्यती यांच्यासाठी ती लेन्स जरूर न्या.

त्वचेचा रंग आणि एक्सपोजर यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे चांगले-चांगले चुकतात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. गडद त्वचेचा माणूस उजळ आकाशापुढे उभा असेल, तर मीटर आकाशाला भुलतो आणि चेहरा काळा ठिक्कर येतो. एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं). तोच चेहरा अंधाऱ्या दारात फ्रेमभर असेल तर मीटर उलट जास्त उजेड देतो आणि त्वचा राखेसारखी निस्तेज दिसते. एक स्टॉप कमी करा. गडद त्वचेचं सौंदर्य तिच्यावरच्या चमकेत असतं, म्हणून मोठ्या, मऊ प्रकाशस्रोताकडे, उघड्या दाराकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे, चेहरा किंचित वळवून बघा. हा प्रश्न फिल्मच्या काळापासूनचा आहे. कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवायला जी नमुना-कार्डं दिली, त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत आणि त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बायकांचेच फोटो होते. प्रिंट त्या त्वचेच्या मापाने जुळायचे. आज रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, हातात असताना तसं होऊ द्यायचं कारण नाही. सॉफ्टवेअरमधले तयार प्रीसेट लावून सगळे चेहरे एकाच सोनेरी छटेत बुडवू नका.

पैशांचा प्रश्न. इथिओपियातल्या ओमो नदीच्या खोऱ्यात मुर्सी लोक फोटोमागे, माणसागणिक पैसे मागतात. जिंका गावाहून जीप येतात, तास-दीड तास क्लिकक्लिकाट होतो, जीप परत जातात. मुर्सींबरोबर अनेक वर्षं काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड टर्टन यांनी या भेटींविषयी लिहिलंय. पर्यटकांनी आपल्याला निवडावं म्हणून माणसं एरवी घालत नाहीत असे अलंकार डोक्यावर चढवतात, आणि ते फोटो जगभर ‘अस्सल आदिम’ म्हणून फिरतात. लोक याला मुर्सींचा लोभ म्हणतात तेव्हा मला राग येतो. उन्हात उभं राहून कुणासाठी तरी पोज देणं हे श्रमाचं काम आहे आणि श्रमाचा मोबदला मागणं रास्त आहे. जिथे दर ठरलेला आहे, तिथे घासाघीस न करता द्या.

पण क्लिकमागे पैसे या हिशोबात अडकलात की फक्त पोजच मिळणार, हेही खरं. गावाच्या प्रमुखांशी आधीच बोलून पूर्ण दिवसाची, शक्यतो मुक्कामाची, एक रक्कम ठरवा आणि ती सर्वांसमोर द्या. राहण्याचे, वाटाड्याचे, दुभाष्याचे पैसे तिथल्याच लोकांच्या हाती जातील असं बघा. मुलांना रस्त्यात गोळ्या-पेनं वाटू नका. मुलं शाळा सोडून गाड्यांमागे धावायला लागतात. आणि जीप परतल्यावर खोऱ्यात काय उरतं ते बघा. 2016 मध्ये ओमो नदीवरच्या गिबे-3 धरणाचं उद्घाटन झालं. त्याआधी ओमोचा पूर दरवर्षी काठावर गाळ आणायचा आणि पूर ओसरला की त्या ओल्या जमिनीत ज्वारी पेरली जायची. ती शेती धरणाने बंद पाडली. आज त्या लोकांच्या रोजच्या जगण्याविषयी काही सांगायचं असेल तर ते त्या कोरड्या काठावर आहे. मुर्सी बायका ओठात घालतात त्या चकतीचा आणखी एक क्लोज-अप काढून ते कळत नाही.

मुलांचे फोटो काढायचे तर आई-वडिलांना विचारून, आणि प्रसिद्ध करताना मुलाचं नाव आणि नेमकं गाव एकत्र देऊ नका. उघडी-वाघडी, रडणारी, आजारी मुलं काढूच नका. तुमच्या स्वतःच्या मुलाचा असा फोटो अनोळखी माणसाने काढून जगाला दाखवलेला तुम्हाला चालला नसता.

कॅप्शन हा माझ्या मते निम्मा फोटो. 1984 मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला आणि जून 1985 मध्ये तो ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला. जगातला प्रत्येक जण तो चेहरा ओळखत होता, पण तिचं नाव कुणालाही ठाऊक नव्हतं. ते विचारलंच गेलं नव्हतं. 2002 मध्ये ती सापडली तेव्हा तिला त्या दिवसाचा आपला राग आठवत होता: समोर परका पुरुष होता आणि तोवर तिचा फोटो कुणी काढला नव्हता. तिने तो गाजलेला फोटो तोपर्यंत पाहिलेलाही नव्हता. म्हणून वहीत रोज लिहा. नाव (त्यांच्याच तोंडून, उच्चारासकट), काय काम चाललं होतं, कुठे, कोणत्या तारखेला, आणि ते स्वतः काय म्हणाले. ‘आदिवासी वृद्धा’ किंवा ‘निरागस हास्य’ ही कॅप्शन नव्हेत. ‘ही भटकी कुटुंबं वर्षातून इतक्यांदा मुक्काम हलवतात’ असं लिहिणार असाल तर ते त्यांनाच विचारून लिहा, वाचलेलं चिकटवू नका.

एडिटिंगमध्ये उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगाचा समतोल, क्रॉप एवढंच. वस्तू पुसणं किंवा घालणं नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धा मूळ रॉ फाइल मागवून हे तपासतात. आता एका बोटाच्या टोकावर माणसं आणि वायरी अदृश्य करता येतात, त्यामुळे हा नियम आधी स्वतःपुरता पक्का करून टाका. क्रॉप करतानाही बघा की नेमकं काय कापतोय. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फोटो बदलताना विचारा की निळा प्लास्टिक कॅन नको म्हणून तर हे चाललं नाही ना.

फोटो देण्याचं वचन दिलंत तर पाळा. मी बरोबर छोटा इन्स्टंट कॅमेरा ठेवते, फोटो जागच्या जागी हातात जातो. थंडीत तो प्रिंट अंगाजवळच्या खिशात धरावा लागतो, पाच अंशांच्या खाली रंग नीट येत नाहीत. मोठे प्रिंट नंतर करायचे असतील तर पत्ता मागू नका, जिथे टपाल पोचत नाही तिथे त्याला अर्थ नसतो. शाळा, दवाखाना, तालुक्याच्या गावचं दुकान किंवा तुमचा वाटाड्या, यांपैकी कुणाकडे पाठवले की पोचतील ते विचारून घ्या. प्रत्येक प्रिंटच्या मागे नाव लिहा, नाहीतर पाकीट उघडणाऱ्याला ते वाटता येत नाहीत.

आणि फोटो ऑनलाइन टाकण्याआधी फाइलमधलं जीपीएस लोकेशन काढून टाका. एखाद्या एकाकी वस्तीचा नेमका बिंदू नकाशावर गेला की पुढच्या मोसमात तिथे गाड्या पोचतात, आणि त्या गाड्यांना काय उत्तर द्यायचं हे त्या वस्तीला कुणीच विचारलेलं नसतं. जिल्हा किंवा खोरं, एवढं लिहिलं तरी कॅप्शन पूर्ण होतं.